सातबारा सी ड्राइव्हवर, शेत डी ड्राइव्हवर

प्रश्न : मी ६३ वर्षांचा, बँकेतून निवृत्त, राहणार त्रिमूर्ती नगर, नागपूर. काटोलकडची आमची संत्र्याची बाग वाटणीत गेली, तेव्हापासून शेती फक्त कॉम्प्युटरवर! मुलगा पुण्याला नोकरीवर गेला, जायच्या आधी त्यानं मला स्टारड्यू व्हॅली नावाचा गेम टाकून दिला. माझ्या शेताचं आता सहावं वर्ष सुरू आहे. पण २४० जीबीचा सी ड्राइव्ह लाल झाला, ४ जीबी शिल्लक दाखवतो. मुलाचे गाडीचा आणि भविष्यातल्या शहराचा असे दोन गेमही त्यावर अजून पडून आहेत. डी ड्राइव्ह १ टीबीचा, जवळपास रिकामा. पुतण्या म्हणे, ‘काका, तुमची सेव्ह डीवर टाकून देतो, काही होत नाही.’ त्यानं ‘सेव्हज’ नावाचं फोल्डर कट केलं न् डीवर पेस्ट केलं. गेम उघडला तर शेतच नाही! मागं एका दुकानात फॉरमॅटला दिला होता, तेव्हाही तिसऱ्या वर्षातलं शेत असंच गेलं होतं. आता विंडोज ११ टाकायला पुन्हा दुकानात द्यायचा आहे. सेव्ह डीवर ठेवून ‘ते तिकडं आहे’ असं गेमला सांगता येते का? आणि मे महिन्यात दुपारी संत्री तोडता तोडता मधातच लाइट गेली तर काय होते?

काका, नमस्कार.

आधी जीव भांड्यात पडू द्या. शेत गेलेलं नाही. पुतण्यानं पेस्ट केलेलं फोल्डर डीवर दिसतंय ना? मग सहाही वर्षं तिथंच आहेत. गेम बिचारा रोजच्या जागी बघायला गेला, तिथं काही सापडलं नाही, म्हणून त्यानं हात वर केले. तलाठ्यानं दप्तर दुसऱ्या खोलीत नेलं म्हणजे जमीन बुडाली असं होत नाही.

सातबाऱ्याचं उदाहरण तुम्हाला चटकन पटेल म्हणून तेच पुढं नेतो. गेम म्हणजे चित्रं, आवाज, गावातली माणसं, सगळा पसारा. तो एका जागी राहतो. तुमचं नाव, कोणत्या चौकटीत काय पेरलं, किती कोंबड्या, खात्यात किती पैसे, हा झाला सातबारा, म्हणजेच गेमची ‘सेव्ह’. तो वेगळ्या जागी राहतो. गेम डीवर असला तरी सातबारा सीवर असू शकतो, आणि बहुतेक वेळा असतोच. तुमच्या दुकानदारानं सी पुसला तेव्हा तिसऱ्या वर्षातलं शेत गेलं ते यामुळंच. तुमचा गेम तेव्हा डीवर असता तरी गेलंच असतं.

तर आधी पुतण्याचं काम उलटवू. गेम बंद करा, ज्यातून गेम उतरवला तो स्टीम नावाचा प्रोग्रामही बंद करा. स्टीमची नुसती खिडकी बंद करून भागत नाही, खाली घड्याळाजवळच्या त्याच्या चिन्हावर उजवं बटण दाबून ‘एक्झिट’ करावं लागतं. मग कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. छोटी चौकट उघडेल. तिच्यात टक्क्याचं चिन्ह, ॲपडेटा हा शब्द इंग्रजीत सलग, पुन्हा टक्क्याचं चिन्ह असं टाइप करून एंटर मारा. एरवी हे फोल्डर विंडोज लपवून ठेवतं, म्हणून शोधत बसलात तर सापडणार नाही. उघडेल त्या खिडकीचं नाव ‘रोमिंग’. तिच्यात स्टारड्यू व्हॅलीचं फोल्डर आहे, त्यात पूर्वी ‘सेव्हज’ होतं. डीवरचं ‘सेव्हज’ कॉपी करा आणि इथं पेस्ट करा. कॉपी म्हणतोय, कट नाही. तिथं गेमनं नवं रिकामं ‘सेव्हज’ करून ठेवलं असेल तर विंडोज दोन्ही एकत्र करतं, ‘मर्ज करू का’ असं विचारलंच तर हो म्हणा.

आता ‘सेव्हज’ उघडून बघा. आत एक फोल्डर असेल. त्याचं नाव म्हणजे तुम्ही खेळाडूला दिलेलं नाव, मग खालची रेघ, मग लांबलचक आकडा. त्याच्या आत त्याच नावाची एक फाइल आणि ‘सेव्हगेमइन्फो’ नावाची दुसरी. शिवाय याच दोन फायलींच्या शेवटी ‘ओल्ड’ लागलेल्या जुन्या प्रती असतील, त्या शेवटी लाइटच्या प्रश्नात कामाला येतील. फोल्डरचं नाव बदलायचं नाही. ‘काकांचं शेत’ असं छान नाव द्यायचा मोह होईल, पण आतल्या फाइलचं आणि फोल्डरचं नाव जुळलं नाही तर गेमला ते शेत वाचता येत नाही. शेतांची यादी दिसली की गेममध्ये एक रात्र झोपून बघा.

पुतण्याला रागावू नका, पण कटबद्दल एवढं सांगून ठेवा. एका ड्राइव्हवरून दुसऱ्या ड्राइव्हवर कट-पेस्ट केलं की विंडोज आधी तिकडं नक्कल करतं आणि मग इकडची मूळ फाइल पुसतं. पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही. दुसरी डिस्क खराब निघाली की हातात काहीच उरत नाही.

तुमच्या पत्रात खरं तर दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. एक, सी भरला आहे. दोन, शेत पुन्हा जाऊ नये. सेव्ह डीवर नेली की दोन्ही सुटतील असं तुम्हाला वाटतंय. पहिला तर अजिबात सुटत नाही. तुमच्या सहा वर्षांच्या शेताचा सगळा सातबारा काही एमबीत बसतो. मोबाइलवर काढलेल्या दोन-चार फोटोंएवढा. तो हलवून सी मोकळा करायचा म्हणजे गोदाम भरलं म्हणून वहीतलं एक पान फाडण्यासारखं. गेमसुद्धा हलका आहे. एकट्या माणसानं बनवून २०१६ साली आणलेला हा गेम १ जीबीच्या आसपासच जागा घेतो.

मग सी कोणी भरला? पत्रात तुम्ही ओझरतं लिहिलंय की मुलाचे ‘गाडीचा आणि भविष्यातल्या शहराचा’ असे दोन गेम अजून पडून आहेत. मला वाटतं ते जीटीए ५ आणि सायबरपंक २०७७ असावेत. पहिला १०० जीबीच्या वर जातो, दुसऱ्याला ७० जीबी लागतात. तुमची सीची एसएसडी (फिरणारी चकती नसलेली वेगवान डिस्क) २४० जीबीची, विंडोज तिला २२३ दाखवतं, म्हणजे गोदाम कोणी व्यापलंय ते कळलंच.

यातला जीटीए डीवर हलवा. स्टीम उघडून वर डावीकडं ‘स्टीम’, मग ‘सेटिंग्ज’, मग ‘स्टोरेज’. तिथं डी ड्राइव्ह जोडायची सोय आहे. तो जोडला की सीवरच्या गेमच्या यादीत जीटीएवर खूण करून ‘मूव्ह’ दाबा. तुमचा डी फिरणाऱ्या चकतीचा असेल तर बराच वेळ लागेल, तोवर दुपारची झोप काढून घ्या. हे काम फोल्डर ओढून करायचं नाही, स्टीमकडूनच करून घ्यायचं, नाहीतर त्याला गेम सापडत नाही. मात्र मुलाकडं जीटीएची २०२५ मध्ये आलेली ‘एन्हान्स्ड’ आवृत्ती असेल तर ती एसएसडीच मागते, जुनी आवृत्ती चकतीवर चालते. सायबरपंकही आता एसएसडीवरच ठेवावा लागतो, म्हणून तो हलवू नका. मुलाला फोन करून विचारा, वर्षभरात एकदाही खेळला नसेल तर सरळ काढून टाका. खरेदी केलेला गेम त्याच्या खात्यात राहतो, पुन्हा उतरवता येतो. त्याच्या सेव्हचं काय, ते पुढं सांगतो.

आता दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते तोच तुमचा खरा प्रश्न. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळं बरीच मंडळी दुकानाकडं निघाली आहेत. दुकानात ‘फ्रेश टाकतो’ म्हणाले की सी साफ होतो हे धरूनच चाला. त्याआधी ‘सेव्हज’ फोल्डरची एक नक्कल डीवर आणि एक पेन ड्राइव्हवर काढा. पेन ड्राइव्ह दुकानात न्यायची नाही, ती घरी कपाटात. आणि नक्कल ज्या बाहेरच्या फोल्डरात ठेवाल त्याच्या नावात त्या दिवसाची तारीख टाका, म्हणजे चार महिन्यांनी कोणती नवी हे ओळखू येईल.

डीवर आहे म्हणजे सुरक्षित, असंही मानू नका. बऱ्याच घरांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन वाफे असतात. विंडोज टाकताना एखाद्या पोरानं सगळे वाफे मोडून एक केला की दोन्ही गेले. तुमच्याकडं २४० जीबीची एसएसडी आणि १ टीबीची हार्ड डिस्क अशा वेगळ्या वस्तू दिसतात, ते बरं आहे. दुकानात संकोच न करता सांगा, ‘विंडोज टाकेपर्यंत हार्ड डिस्कची वायर काढून ठेवा.’ दोन मिनिटांचं काम आहे. जुन्या दुकानदाराशी भांडण असेल तर सीताबर्डीवर दुकानांची वाण नाही, पण वायरीचं सगळीकडं सांगावंच लागतं.

परत आल्यावर गेम टाका, एकदा उघडून बंद करा, मग नक्कल रोमिंगमधल्या त्याच जागी पेस्ट करा. विंडोज बदललं, खात्याचं नाव बदललं, तरी टक्क्यांमधला तो शब्द तुम्हाला बरोबर जागी नेतो.

स्टीमच्या क्लाउडचा उल्लेख तुम्ही केला नाही, पण तो विषय टाळता येत नाही. या गेमला क्लाउडची सोय आहे आणि ती चालू असेल तर सातबाऱ्याची एक प्रत स्टीमकडंही असते. सोय उत्तम आहे, फक्त हलवाहलवीत ती गोंधळ घालते. कॉम्प्युटरवर एक तारीख, क्लाउडवर दुसरी, आणि स्टीम विचारतो कोणती ठेवू. तिथं घाईनं बटण दाबलं की सहाव्या वर्षाच्या जागी चौथं येऊ शकतं. दोन्हीकडच्या तारखा आणि वेळा दाखवलेल्या असतात, चष्मा लावून वाचा. मी तर हलवाहलवी होईपर्यंत गेमच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन क्लाउड बंदच ठेवतो, शेत डोळ्यांनी बघितलं की चालू करतो.

एवढं केलं तर सेव्ह डीवर न्यायची गरज उरत नाही. तरीही तुम्ही विचारलंय, की गेमला ‘ते तिकडं आहे’ असं सांगता येतं का, तर उत्तर देतो. गेमला नाही सांगता येत, स्टारड्यू व्हॅलीत तशी सेटिंगच नाही. विंडोजला सांगता येतं. एखादं दुकान जागा बदलतं तेव्हा जुन्या शटरवर पाटी लावतात, ‘दुकान समोरच्या गल्लीत हलवले आहे’. तशी पाटी विंडोजमध्ये लावता येते, तिला जंक्शन म्हणतात. गेम जुन्या जागी येतो, पाटी त्याला डीवर पाठवते, आणि त्याला पत्ताही लागत नाही की आपण दुसऱ्या ड्राइव्हवर लिहून राहिलो.

डीवर एक फोल्डर करा, नाव इंग्रजीत आणि मधे जागा न सोडता. त्यात ‘सेव्हज’ कॉपी करा. रोमिंगमधल्या मूळ ‘सेव्हज’चं नाव बदलून पुढं ‘जुनं’ असं काही लावा, पुसू नका. आता कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) उघडा, त्यासाठी मघाच्या चौकटीत सी, एम, डी ही इंग्रजी अक्षरं. विंडोज ११ वर स्टार्टच्या बटणावर उजवं क्लिक करून ‘टर्मिनल’ उघडलं तर बहुधा पॉवरशेल ही दुसरीच खिडकी समोर येईल आणि ‘ही आज्ञा माहीत नाही’ म्हणेल. तो दोष तुमचा नाही, पॉवरशेलला ही आज्ञा खरंच ठाऊक नाही. काळ्या खिडकीत इंग्रजीत लिहायचं ते असं : एमकेलिंक हा शब्द सलग, एक जागा, पुढं झुकलेली तिरकी रेघ आणि तिला चिकटून जे, एक जागा, दुहेरी अवतरणात रोमिंगमधल्या ‘सेव्हज’चा पूर्ण पत्ता, एक जागा, दुहेरी अवतरणात डीवरच्या ‘सेव्हज’चा पूर्ण पत्ता. आधी पाटीची जागा, मग दुकानाची. लोक इथंच उलटं करतात. पत्ते हातानं लिहू नका, फोल्डर उघडून वरच्या पट्टीतून कॉपी करा. पहिल्या पत्त्यात शेवटी ‘सेव्हज’ स्वतः जोडावं लागेल, कारण त्या नावाचं फोल्डर तिथं आता नाही, आणि नसायलाच हवं. असेल तर विंडोज ‘आधीच आहे’ म्हणून नकार देतं.

जमलं तर रोमिंगमध्ये ‘सेव्हज’वर शॉर्टकटसारखा छोटा बाण दिसेल. पण बाणावर विसंबू नका. गेम उघडा, एक रात्र झोपा, बंद करा, आणि डीवरच्या फाइलची ‘मॉडिफाइड’ वेळ बघा. आताची असेल तर पाटी काम करते आहे. आठवडाभर नीट चाललं की मग ते ‘जुनं’ फोल्डर काढा. आणि पुढं विंडोज नव्यानं टाकलं की सीवरची पाटी पुसली जाते, डीवरचं दुकान तसंच राहतं. पाटी पुन्हा लावावी लागते, बस.

पाटी बाहेरच्या यूएसबी डिस्ककडं मात्र वळवू नका. मी केलं होतं. डिस्क ई नावानं लागायची, पाटी ईकडं. एक दिवस भाच्यानं आधी त्याचा पेन ड्राइव्ह लावला, ई त्याला मिळालं, माझी डिस्क एफ झाली. गेमला काही सापडलं नाही, भाच्यानं आनंदानं ‘न्यू गेम’ दाबलं आणि त्याच्या पेन ड्राइव्हवर माझ्या नावानं एक नवंकोरं राज्य उभं राहिलं. माझं जुनं एफवर सुखरूप होतं, हे कळायला मला दोन तास लागले.

मुलाच्या गेमच्या सेव्ह रोमिंगमध्ये नाहीत. प्रत्येक गेमवाल्यानं आपापली जागा धरली आहे, यात कुठलीही शिस्त नाही. जीटीए ५ चा सातबारा ‘डॉक्युमेंट्स’मध्ये रॉकस्टारच्या फोल्डरात, सायबरपंकचा तुमच्या नावाच्या फोल्डरातल्या ‘सेव्ह्ड गेम्स’मध्ये. गेम काढण्याआधी दोन्हींच्या नकला काढून मुलाला पाठवा, नाहीतर दिवाळीला घरी आल्यावर तुमची खैर नाही. या दोन जागा हलवायला पाटीची गरज नाही. फोल्डरवर उजवं क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘लोकेशन’, ‘मूव्ह’, डीवरचं फोल्डर दाखवा, विंडोज स्वतः नेऊन ठेवतं. स्टारड्यूच्या ‘सेव्हज’ फोल्डरला ही सोय नाही, म्हणून तर पाटीचा खटाटोप. ‘डॉक्युमेंट्स’ हलवताना एक बघा, विंडोज ११ बऱ्याचदा ते वनड्राइव्हला (मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवणीला) जोडून टाकतं. वनड्राइव्ह फुकटात ५ जीबीच देतं, ते भरलं की नव्या सेव्ह तिकडं जाणं थांबतं. हलवण्याआधी वनड्राइव्हचा बॅकअप बंद करा. बाकी कुठल्या गेमची सेव्ह कुठं, हे पीसीगेमिंगविकी नावाच्या जागी गेमवार लिहिलेलं असतं. आणि नक्कल काढायचा कंटाळा असेल तर लुडुसावी नावाचं मोफत साधन गेम ओळखून सगळे सातबारे एका फोल्डरात गोळा करतं. पुतण्याला तेच शिकवा, कट-पेस्टपेक्षा बरं.

राहिली लाइट. तुम्ही पत्रात लिहिलंय की तुमच्याकडं मे महिन्यात दुपारी लाइट जाते आणि नेमके तेव्हाच तुम्ही संत्री तोडत असता. (गेममध्ये संत्रं २८ दिवसांत झाड होतं आणि ऐन उन्हाळ्यात लागतं, हे काटोलच्या माणसानं कसं सहन केलं?) हा गेम दिवसा सेव्हच होत नाही. तुम्ही झोपलात की रात्री एकदा लिहितो. म्हणून दुपारी लाइट गेली तर त्या एका दिवसाची मेहनत जाते, शेत जात नाही. धोका फक्त झोपतानाच्या त्या काही सेकंदांचा. तेवढ्यासाठी छोटा यूपीएस घ्या, आणि कॉम्प्युटर कूलरच्या तोंडासमोरून हलवा. ओली हवा थेट कॅबिनेटमध्ये शिरते आणि धुळीचा चिखल पंख्यावर बसतो.

नेमकी त्याच सेकंदाला गेली आणि शेत उघडेना, तर घाबरू नका. पूर्ण फोल्डरची नक्कल बाजूला काढा. मग शेताच्या फोल्डरातली मूळ फाइल आणि ‘सेव्हगेमइन्फो’ बाहेर हलवा, आणि ‘ओल्ड’ लागलेल्या दोन्ही फायलींच्या नावातून शेवटची खालची रेघ आणि ‘ओल्ड’ एवढंच काढा. शेत आदल्या दिवसाचं होऊन परत येईल. एकाच फाइलचं नाव बदलून गेम उघडू नका, दोन्हींचं बदला.